टाय लाइनवरचा बे एके बे

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. टेलिफोन ऑपरेटरला राग परवडत नाही, म्हणून कामावर असताना मी तो गिळायचे आणि घरी येऊन आईवर काढायचे. आई काही बोलायची नाही. चहाचा कप जरा जोरात समोर आदळायची, एवढंच.

एकाहत्तरच्या युद्धाच्या वेळी मी जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्याच्या एक्स्चेंजमध्ये टेंपररी ऑपरेटर होते. वय बावीस. वडील त्याच कारखान्यात होते, ते गेल्यावर मला घेतलं होतं. आम्ही राहत होतो तो क्वार्टरही त्या नोकरीमुळेच आमच्याकडे राहिला होता. नोकरी गेली असती तर आई आणि मी सामानासकट रस्त्यावर आलो असतो. हे आम्ही दोघी एकमेकींना कधी बोलून दाखवत नसू, पण घरातली प्रत्येक गोष्ट त्याच्याभोवती फिरायची.

आमचं बोर्ड म्हणजे भिंतीएवढं उभं लाकडी कपाट. त्यात ओळीने भोकं आणि प्रत्येक भोकावर छोटा दिवा. दिवा लागला की दोरीचं एक टोक तिथे खुपसायचं, ‘नंबर?’ विचारायचं आणि दुसरं टोक मागितलेल्या भोकात खुपसायचं. कारखान्याच्या आतलं बोलणं असं जोडलं जायचं. बाहेरच्या तीन ठिकाणांशी मात्र आमचं बोर्ड थेट तारांनी बांधलेलं होतं. शेजारचा दुसरा कारखाना, छावणी आणि तयार माल जिथे जायचा तो डेपो. या तारांना टाय लाइन म्हणायचे. प्रत्येक ठिकाणी दोन लाइनी, म्हणजे एका वेळी दोनच बोलणी. दुसऱ्या कारखान्याच्या आणि छावणीच्या एक्स्चेंजमधूनही एकमेकांकडे आणि डेपोकडे अशाच दोन-दोन लाइनी होत्या.

या सगळ्या तारा सांभाळायला एक मेकॅनिक होते. पन्नाशीचे, बारीक, कायम खाकी स्वेटरमध्ये. हिंदी बोलणारे त्यांना मिस्त्रीजी म्हणायचे, मी काका म्हणायचे. त्यांचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलं आणि गढा या जबलपूरच्या जुन्या वस्तीतच राहिलं. तिथून ते रोज सायकलने यायचे. त्यांची एक सवय आम्हा सगळ्यांना पाठ होती. केबलमधल्या तारा जोडीजोडीने असतात, त्या मोजताना काका मोठ्याने बेचा पाढा म्हणायचे. बे एके बे, बे दुणे चार. बोर्डाच्या मागून तो आवाज येऊ लागला की समजायचं, काका कामाला लागले. अख्खा दिवस हिंदी बोलणारा हा माणूस पाढा मात्र मराठीतच म्हणायचा. हिंदीत मोजलं की तार चुकते, असं त्यांचं ठाम मत होतं.

खरं सांगायचं तर आधी मला ते आवडत नसत. फार किरकिरे. दोरी जमिनीला लागली तर बोलणार, प्लग तिरका लावला तर बोलणार. माझ्यासारखीच्या डोक्यात असले लोक लगेच जातात. पण युद्धाच्या तोंडावर त्यांनी एक गोष्ट केली आणि मला मनातल्या मनात मान्य करावं लागलं की माणूस हुशार आहे.

झालं असं की डेपोला फोन एकदम वाढले. आमच्या दोन लाइनी सकाळपासून भरलेल्या असायच्या आणि अफसर आमच्यावर ओरडायचे. काकांनी यावर तोड काढली. आपल्या डेपोच्या लाइनी भरलेल्या किंवा बंद असल्या तर दुसऱ्या कारखान्याच्या एक्स्चेंजला सांगायचं, ते आपल्या लाइनीवरून डेपो जोडून देतील. त्यांच्या भरलेल्या असल्या तर त्यांनी छावणीला सांगायचं. छावणीच्या भरलेल्या असल्या तर त्यांनी आम्हाला. प्रत्येक एक्स्चेंजचा कागद वेगळा, दोन-तीन ओळींचा. ऑफिसने तो टाइप करून दिला आणि काकांनी तिन्ही ठिकाणी जाऊन तो बोर्डावर चिकटवला. दुसऱ्या दिवसापासून डेपो झटपट लागू लागला. मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये ऑफिसची पाठ थोपटली.

ऑफिसची, काकांची नाही. कागदाच्या तळाशी फक्त ‘आदेशावरून’ असं छापलेलं होतं. हे काकांना फार लागलं. रोज सकाळी बोर्डासमोर उभे राहून ते तो कागद वरून खालपर्यंत वाचायचे आणि तळाशी आले की त्यांचं तोंड आंबट व्हायचं. मेकॅनिकच्या वरची जागा म्हणजे चार्जमन, त्या परीक्षेत ते पास झाले होते, बढतीची यादी निघायची होती. या कामावर आपलं नाव असतं तर यादीत वर गेलो असतो, असा त्यांचा हिशेब. मी त्यांना मुद्दाम चिडवायचे. माझ्या स्वेटरला खोचलेलं पेन काढून पुढे करायचे आणि म्हणायचे, घ्या काका, करून टाका सही. ते पेनकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि बोर्डाच्या मागे जायचे. थोड्या वेळाने तिकडून बे एके बे ऐकू यायचं.

युद्ध सुरू झालं तसे आम्हाला दोन आदेश आले. पहिला, टाय लाइनवर कोण बोलतंय ते विचारायचं नाही आणि बोलणं ऐकायचं नाही. कुठे हवंय तेवढं घ्यायचं, जोडायचं आणि लाइनीतून बाहेर पडायचं. दुसरा, कुणाचाही कॉल नाकारायचा नाही आणि तोडायचा नाही. लाइन रिकामी नसेल तर त्याला रांगेत धरून ठेवायचं. आम्ही दोन्ही आदेश तंतोतंत पाळले. खिडक्यांच्या काचांवर काळा कागद लावलेला, बाहेर थंडी, आणि आम्ही सगळ्या जणी आपण फार मोठं काहीतरी करतोय या भावनेने ताठ बसलेल्या. त्या ताठपणाची मला आजही लाज वाटत नाही.

त्या दिवशी माझी दुपारची पाळी होती आणि जोडीदारीण आजारी, म्हणून बोर्डावर मी एकटीच. जेवणानंतर स्टोअरकीपरने डेपो मागितला. आमच्या डेपोच्या दोन्ही लाइनी मुक्या होत्या. मी कागदाप्रमाणे दुसऱ्या कारखान्याला प्लग लावला, ‘डेपो’ म्हटलं आणि बाहेर पडले. मिनिटभरात छावणीच्या लाइनीचा दिवा लागला. तिकडची ऑपरेटर म्हणाली, डेपो. मी तिलाही दुसऱ्या कारखान्याच्या उरलेल्या लाइनीवर जोडलं. पुन्हा छावणीचा दुसरा दिवा, पुन्हा डेपो. आता माझ्याकडे दुसऱ्या कारखान्याची एकही लाइन उरली नव्हती, म्हणून आदेशाप्रमाणे ‘थांबा’ म्हटलं आणि तो कॉल रांगेत धरला.

पंधरा-वीस मिनिटांनी भट्टीच्या शॉपमध्ये एका कामगाराच्या अंगावर उकळतं तेल सांडलं. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना छावणीच्या इस्पितळातून अँब्युलन्स हवी होती. छावणीच्या दोन्ही लाइनी अडकलेल्या. तोडायला मनाई. शहराची लाइन घ्यायला ड्यूटी अफसरची परवानगी लागायची आणि ते राउंडवर होते. डॉक्टर फोनवर मला बोलत होते आणि मी थांबा, थांबा म्हणत होते. शेवटी मी आदेश झुगारून एक दोरी उपटली आणि छावणीला ओरडून अँब्युलन्स मागितली. तोवर त्या माणसाला लोकांनी ट्रकमध्ये घालून नेलं होतं. तो वाचला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची आखडली.

संध्याकाळपर्यंत कळलं की डेपोच्या फाटकापाशी खंदक खणताना केबल कापली गेली होती. तिन्ही एक्स्चेंजच्या डेपोकडच्या लाइनी तिथे एकाच केबलमधून आत जायच्या, त्यामुळे सगळ्या एकदम मेल्या. ती जोडलीही गेली. पण डेपो का लागला नाही याचं हे उत्तर झालं. छावणीच्या चांगल्या लाइनी कशाने अडकल्या याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. चौकशी करणाऱ्या अफसरांनी ते आपल्यापुरतं शोधून टाकलं. मला समोर उभं करून ते म्हणाले, “लड़कियाँ आपस में बतियाती हैं, लाइन फँस जाती है।” तीन दिवसांनी सुनावणी. युद्धकाळात खाजगी गप्पांसाठी लाइन अडवली असं सिद्ध झालं तर नोकरी जाणार होती, आणि कागदावर असा शेरा येणार होता की मला परत कुठल्याच सरकारी ऑफिसात कुणी उभं केलं नसतं. घरी आईला सांगितलं. त्या दिवशी तिने कप आदळला नाही, त्याचंच मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी काका माझ्याशेजारी स्टूल ओढून बसले. सकाळपासून त्यांनी सगळ्या लाइनी तपासल्या होत्या आणि एकीतही दोष नव्हता. ते म्हणाले, पहिल्या दिव्यापासून सांग. मी आधीच चिडलेली, फटाफट सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी मला छावणीपाशी थांबवलं.

“छावणीनं दोनदा डेपो मागितला. बोलणारा कोण होता?”

“विचारायचं नसतं, काका. आदेश आहे.”

“अच्छा,” ते म्हणाले आणि स्टूल मागे सारलं.

मग ते उठून स्टोअरकीपरकडे गेले. त्याने सांगितलं की थांबायला सांगितलं म्हणून तो थांबला होता. रिसीव्हर टेबलावर ठेवून अर्धा तास त्याने आपलं काम केलं. तिथून काका सायकलवर बसून दुसऱ्या कारखान्यात आणि छावणीत गेले. परत आले ते थेट बोर्डाच्या मागे जाऊन खाली बसले. मला वाटलं थकले असतील, एवढं अंतर सायकलने म्हणजे काही गंमत नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, परवानगी काढून त्यांनी एक प्रयोग केला. तिन्ही एक्स्चेंजमध्ये डेपोच्या भोकांत लाल खुंट्या ठोकून ठेवल्या, म्हणजे डेपोच्या लाइनी मेल्यासारख्याच. बाकी सगळ्यांनी रोजच्यासारखं काम करायचं. मला एकच गोष्ट वेगळी सांगितली. छावणीने डेपो मागितला की पुढे जोडण्याआधी कान लावायचा. “आदेश मी मोडून राहिलो, तू नाही,” असं म्हणून ते स्टोअरच्या खोलीत गेले. ती खोली माझ्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे होती.

स्टोअरचा दिवा लागला. डेपो. मी दुसऱ्या कारखान्याला दिला. थोड्याच वेळात छावणीचा दिवा. तिकडची ऑपरेटर ‘डेपो’ म्हणून बाहेर पडली आणि मी कान लावला. आधी नुसती खरखर. मग खूप लांबून, विहिरीतून यावा तसा आवाज आला. बे साते चौदा. बे आठे सोळा.

मला पहिल्यांदा हसू आलं. मग हातातली दोरी तशीच राहिली. माझ्या पाठीमागच्या भिंतीआड बसलेला माणूस माझ्या कानात छावणीहून बोलत होता. स्टोअरचा कॉल दुसऱ्या कारखान्यात गेला, त्यांनी तो छावणीला दिला, छावणीने आम्हाला, आणि आम्ही कागद वाचून तो पुन्हा दुसऱ्या कारखान्याला देणार होतो. दोन फेऱ्यांत तिन्हीकडच्या सगळ्या लाइनी तो एकटाच खाऊन बसायचा. त्या दिवशी मी ज्याला रांगेत धरलं होतं तो तोच कॉल होता, स्वतःच्याच मागे उभा राहिलेला. आणि कोण बोलतंय हे विचारायला किंवा ऐकायला आम्हाला मनाई होती, म्हणून तिघींपैकी एकीलाही कळलं नव्हतं.

काका स्टोअरमधून आले तेव्हा मी खुर्चीवरून उठून जवळजवळ नाचत होते. माझी काही चूक नव्हती. मी गप्पा मारल्या नव्हत्या. आता घरी जाऊन आईला सांगता येणार होतं. काकांनी स्वेटरखालून तीन कागद काढले आणि बोर्डाच्या कडेवर शेजारीशेजारी मांडले. एक आमच्या बोर्डावरचा, एक दुसऱ्या कारखान्याचा, एक छावणीचा. प्रत्येक कागद वेगळा वाचला तर बरोबर होता. तिन्ही एकदम वाचले की रस्ता गोल फिरून जिथून निघाला तिथेच येत होता. तिघांच्या डेपो लाइनी एकदम मरतील, हे ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

लिहिणारा कोण, ते मला आणि त्यांनाच माहीत होतं. ऑफिसमधल्या ज्या साहेबांना काकांनी ही तोड तोंडी सांगितली होती त्यांची बदली होऊन महिना झाला होता. कागदावर फक्त ‘आदेशावरून’.

इथे मी जे केलं ते लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. मी काकांना म्हटलं, कागदांचं कशाला बोलायचं? छावणीच्या ऑपरेटरने आलेला कॉल परत आमच्याकडे ढकलला, तिने लक्ष द्यायला हवं होतं, असं सांगूया. ती लांबची, तिला कोण काय करणार आहे? तुमची यादी निघायची आहे. हे मी त्यांच्यासाठी बोलले असं मला तेव्हा वाटत होतं.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

“तिचं नाव काहून घेऊ? तिनं माझा कागद वाचला. तू बी तोच वाचला,” ते म्हणाले. मग कागद गोळा करून परत स्वेटरखाली घातले आणि बोर्डाच्या मागे गेले. त्या क्षणी मला त्यांच्याविषयी जे वाटलं त्याला आदर म्हणतात हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त कान तापले होते.

सुनावणीला खोलीत अफसर, एक कारकून, मी आणि काका. अफसरांनी माझ्यावरचा आरोप वाचला. काकांनी बोलायची परवानगी मागितली आणि त्यांच्या त्या किरकिऱ्या, सावकाश हिंदीत सगळं सांगितलं. केबल, खंदक, कॉलचा गोल रस्ता, स्टोअरमधला पाढा. अफसर ऐकत होते. माणूस वाईट नव्हता, त्यांना फक्त घाई होती. शेवटी त्यांनी तिन्ही कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारलं की हे बनवले कोणी, यावर तर कुणाचंच नाव नाही.

काका माझ्याकडे वळले. “पोरी, पेन दे,” ते मराठीत म्हणाले.

मी स्वेटरला खोचलेलं पेन काढून दिलं. त्यांनी तिन्ही कागदांवर, ‘आदेशावरून’च्या खाली, पूर्ण नाव लिहून सही केली आणि पेन मला परत दिलं. अफसरांनी विचारलं, याचा यादीवर काय परिणाम होईल ते माहीत आहे ना. काका म्हणाले, “मालूम है जी।”

माझ्यावरचा आरोप तिथेच काढला गेला. घरी मी सांगितलं तेव्हा आईने चहा केला आणि कप जोरात आदळला. मग म्हणाली, त्या माणसाला एकदा जेवायला बोलव. ते आले, पुरणपोळी खाल्ली आणि आमच्या दिव्याची वायर तिरकी लावली आहे म्हणून बोलले.

काकांच्या नोंदवहीत ताकीद लिहिली गेली. यादी निघाली, त्यात त्यांचं नाव नव्हतं. नंतरही कधी आलं नाही. ते मेकॅनिक म्हणून लागले होते आणि मेकॅनिक म्हणूनच निवृत्त झाले. त्याबद्दल ते किरकिरले असतील तर घरी, आमच्यासमोर नाही. बाकी सगळ्याबद्दल किरकिरणारा माणूस या एका गोष्टीबद्दल गप्प राहिला. मी पुढे कायम झाले, बोर्डाची सुपरवायझर झाले, कित्येक अफसर पाहिले. खुर्चीला शोभणारे पाहिले आणि खुर्चीमुळेच दिसणारेही पाहिले. त्या खाकी स्वेटरएवढा मोठा माणूस मला त्यांच्यात सापडला नाही.

सुनावणीनंतर आठवड्याभरात त्यांनी नवा कागद बनवला. जुन्यात फक्त एक ओळ वाढवली होती. टाय लाइनवरून आलेला डेपोचा कॉल पुढच्या एक्स्चेंजला द्यायचा नाही, आपल्याच आतल्या फोनवरचा असेल तरच द्यायचा. एवढ्या एका ओळीने गोल रस्ता कायमचा तुटला. तो कागदही ऑफिसने टाइप केला, तळाशी पुन्हा ‘आदेशावरून’. युद्ध संपलं, काचांवरचा काळा कागद निघाला, ऑपरेटर बदलल्या. हा कागद मात्र राहिला. पिवळा पडला, दोनदा फाटला, दोनदा चिकटवला. त्याने एकदाही दगा दिला नाही.

पुढे आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं आणि आमचं बोर्ड भंगारात निघालं. त्या दिवशी मी तो कागद हलक्या हाताने सोडवला आणि रविवारी गढ्याला त्यांच्या घरी घेऊन गेले. ते आता पार वाकले होते, अंगात तोच स्वेटर, की तसलाच दुसरा, कोण जाणे. चष्मा लावून त्यांनी कागद वरून खालपर्यंत वाचला, अगदी पूर्वी रोज सकाळी वाचायचे तसा. तळाशी आले आणि थांबले. मी पेन तयारच ठेवलं होतं, ते पुढे केलं. म्हटलं, घ्या काका, आता तरी सही करा.

त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं.

“काहून?” ते म्हणाले. “चुकलं का कुठं?”